धाराशिवची मुकी शाळा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण माझ्या हुशारीचा एवढा फज्जा पुन्हा कधी उडाला नाही. आणि हुशार तर मी होतेच. शाळेची पायरी न चढता, किराणा बांधून आलेल्या कागदांवरून मी वाचायला शिकले. सासरच्या अख्ख्या गावात वाचता येणारी बाई मी एकटी. मग दिराची शाळा निवडायची कुणी? मीच!

तेव्हा निजामाचं राज्य होतं. धाकटा दीर शंकर मुरूमला मामाकडं सातवी करून नुकताच तामलवाडीला आमच्या घरी आला होता. पोराला आईबाप नव्हते, म्हणजे त्याचं भलंबुरं माझ्या पदरात. हायस्कुलं दोन. एक तालुक्याच्या गावी, धर्मशाळेत भरणारं, एवढंसं. दुसरं धाराशिवचं, सरकारी, मोठं.

चुलत सासरे तात्या म्हणाले, "सूनबाई, ल्हान्यात घाला. मास्तर पोराला नावानं वळखतो."

"तात्या, नावानं तर गुराखीबी वळखतो म्हशीला. मी डोळ्यानं बघून ठरवीन."

आधी लहान शाळा बघितली. काय तो कालवा! एका दालनात तीन वर्ग. इकडं पाढे, तिकडं कविता, मधे मास्तर घसा फोडून भूगोल सांगताहेत. एक शेळी आत येऊन सावकाश फिरून गेली, तिला कुणी हटकलं नाही. मी तिथंच कपाळाला हात लावला.

मग बाजाराच्या गाडीत बसून धाराशिव गाठलं. भली थोरली दगडी इमारत. दारांची ओळच्या ओळ, सगळी लोटलेली, आणि आत चूं नाही. व्हरांड्यात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसलेले. लांब काळा कोट, लाल तुर्की टोपी, छातीवर पितळी बिल्ला. म्हटलं, हेच हेडमास्तर. उगीच का सरकारनं छातीवर बिल्ला लावलाय?

"पोरं किती हायत?"

"बहुत हैं, बाई."

"मग आवाज कसा न्हाय?"

"आवाज कायकू आएगा?"

"मारता का त्यांस्नी?"

"तौबा, तौबा. मैं किसीकू हात नै लगाता."

ऐकलंत? न मारता ही शिस्त! एखादं दार ढकलून बघावं असं मनात आलं, पण पोरांचा अभ्यास मोडला तर? वहाणा हातात घेतल्या, आणि जोडवी वाजू नयेत म्हणून टाचांवर चालत फाटकाबाहेर आले.

गावात पारापासून आडापर्यंत मी त्या शाळेचं वर्णन केलं. तात्यांना म्हणाले, "तिथं पोरं श्वाससुद्धा पुस्तकाला विचारून घेतात." शाळा ठरली.

अडचण एकच, शंकर. हा पोरगा झोपेतसुद्धा बोलायचा. त्याला तर पहिल्याच दिवशी हाकलतील. म्हणून मी घरातच तालीम सुरू केली. बोलायचं नाही. पाणी हवं तर खुणेनं मागायचं. भाकरी चावायची, तीही हळू.

"वैनी, पर तुम्ही गेल्ता त्या दिवशी..."

मी ओठांवर बोट ठेवलं. "श्श. धाराशिव."

पुन्हा जेवताना, "वैनी, एकच सांगतो..."

"श्श."

तात्या वैतागले. "पोराची वाचा गेली का काय?"

"तयारी चाललीय," मी ऐटीत म्हणाले. "ल्हान शाळंत घालायचं आसतं, तर शेळी हाकायला शिकवलं आसतं."

नाव घालायचा दिवस आला. फाटकाशी पोचलो, तर मला वाटलं गुरांचा बाजारच भरलाय. पोरं झाडावर, पोरं भिंतीवर. एकाची टोपी घेऊन दुसरा पळतोय. मास्तर छडी आपटून "खामोश" म्हणून ओरडताहेत आणि त्यांचं कुणी ऐकत नाही. आणि माझे हेडमास्तर? ते घंटा बडवत होते.

मी तरातरा गेले. "हे काय? त्या दिवशी तर हितं चूं नव्हतं."

शाळेच्या त्या चपराशानं घंटा थांबवली. "उस दिन जुम्मा था, बाई. जुम्मेकू छुट्टी रहती."

मी बार्शीकडची, इंग्रजी मुलखातली. आमच्याकडं सुट्टी रविवारी. निजामाच्या शाळा शुक्रवारी बंद असतात, हे बिनशाळेच्या तामलवाडीत मला सांगणार कोण?

सांगणारा होता की. शेजारी ओठ मिटून उभा होता. त्यानं माझा पदर ओढला आणि खुणेनंच विचारलं, बोलू का?

"बोल."

"मुरूमलाबी शुक्रवारीच सुट्टी आसती, वैनी. म्या कवाधरनं सांगाय बघतोय."

त्यानं त्या गोंगाटाकडं डोळे भरून बघितलं. "हितं बोलू देत्यात न्हवं?"

"दिसतंय तर तसंच."

"मग हितंच नाव घाला."

"घालते," मी म्हणाले. "हितं काय पाहिजे ते बोल. गावात मातूर तयारी चालू ठेव."