मोबाईलवरून लावलेली सुरी

डांगराशी बोलणारी बाई जगात एकच, आणि ती माझी चुलत सासू, आमच्या आत्याबाई. डांगर म्हणजे लाल भोपळा. आत्याबाईंचा वेल न्हाणीच्या पत्र्यावर पसरलेला असतो आणि एकेका डांगराला त्या सासरच्या माणसाचं नाव देतात. वाकडं वाढलं की ते नणंदेचं. सकाळी पाणी घालताना खालून विचारतात, "काय वन्सं, झाली का झोप?"

पण बाईनं अख्ख्या डांगराला पहिली सुरी लावायची नाही, लेकाला बाधतं, हा त्यांचा पक्का नेम. घरात पुरुष माणूस नाही, म्हणून त्या डांगर कडेवर घेऊन रस्त्यावर उभ्या राहतात. एकदा ताडकळसच्या बाजाराला निघालेला मोटरसायकलवाला अडवला. "दादा, तेवढी सुरी लावून जा." तो आधी घाबरला, मग हसला, आणि जाताना अर्धं डांगर घेऊन गेला.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या अमेरिकेतल्या नातीनं हट्ट धरला. तिकडे म्हणे डांगराला डोळे, तोंड कोरून आत दिवा लावतात. "आजी, तू पण कर ना." आत्याबाईंनी सगळ्यात मोठं डांगर उतरवलं. ते लेकाच्या नावाचं. लेक एकुलता एक, तोही तिकडेच.

इकडे दिवस मावळत होता, तिकडे उजाडलं होतं. व्हिडिओ कॉल लावलेला मोबाईल माझा, म्हणून मीच धरून उभी होते, पदराआड हसू लपवून. रस्त्यानं माणसं जात होती. मी म्हणाले, "कुणाला बोलावू का?"

"न्हाई. ह्याला परक्याची सुरी नको."

त्यांनी सुरी मोबाईलच्या काचेला टेकवली. "बोट लाव रे तिकडून."

"आई, काय करायलीस?" लेक हसायला लागला.

"हसू नको. तुझ्या जिवाचं हाय. लाव."

त्याचं हसू थांबलं. काचेवर फक्त त्याचं बोट दिसायला लागलं. आत्याबाईंनी डोळे मिटले, आणि मगच डांगर कोरलं. एक डोळा मोठा झाला, दातात फट राहिली. आत पणती ठेवली तसा सगळा ओटा पिवळा झाला, आणि तिकडून नात ओरडली, "पप्पा, हे तुमच्यासारखं हसतंय!"

फोन बंद झाला. मी पदरानं काच पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे ग. त्याचं बोट लागलंय."

ते बोट तिकडच्या काचेला लागलं होतं. मला ठाऊक होतं, त्यांनाही असणार. मी काच पुसली नाही.