सूनबाईचा पन्नाशीपुढचा वर्ग

आमची सून व्हायोलिन वाजवते. हिवाळाभर मोठ्या वाद्यवृंदात, तिसऱ्या रांगेत. पुढच्यांच्या डोक्यांआडून आम्हाला तिचा फक्त उजवा कोपर दिसतो. पण तीस कोपरांत आपला कुठला ते मी बरोबर ओळखते. बाकीचे कोपर गाडी सुटत असल्यासारखे धावतात, तिचा घाई म्हणून करत नाही.

व्हायोलिन टेकून टेकून तिच्या डाव्या जबड्याखाली काळसर डाग पडलाय. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेजारणीने मला बाजूला घेतलं. "सुनेला मारता-बिरता की काय हो?" मी म्हटलं, "छे, तिचं वाद्यच तिला चावतं."

उन्हाळ्यात वाद्यवृंद बंद असतो, पण हिला कसली सुट्टी! तळ्याकाठी एक शाळा आहे, तिथे सुट्टीत तीन आठवडे संगीताचे वर्ग भरतात. नऊ वर्षं झाली, ती तिथे शिकवते, एक-दोन कार्यक्रमही करते. गेल्या उन्हाळ्यात आम्हा सासू-सासऱ्यांनाही घेऊन गेली. म्हणाली, "घरी बसून भांडणार, त्यापेक्षा तिथे येऊन भांडा. हवा तरी चांगली आहे."

तिथे लहान मुलंच शिकायला येतात. पण हिने मागे लागून लागून एक नवा वर्ग मागून घेतला होता. पन्नाशी उलटलेल्या आणि जन्मात वाद्य न धरलेल्या माणसांचा. शाळेचे प्रमुख म्हणजे प्रत्येक वाक्याआधी घड्याळ बघणारे गृहस्थ. त्यांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "बाई, इथे मुलांना खोल्या पुरत नाहीत. एक वर्ष देतो. शेवटच्या दिवशी तुमच्या मंडळींनी स्टेजवर वाजवून दाखवायचं. जमलं तर वर्ग राहील, नाहीतर ती खोली पियानोला."

नऊ जण आले. एक बसचालक, एक नर्सबाई, एक दातांचे डॉक्टर, दोन जुळ्या बहिणी आणि असेच आणखी चार. दुसऱ्या आठवड्यात त्या खोलीतून जे आवाज येत, ते ऐकून तळ्यावरची बदकंसुद्धा पलीकडच्या काठाला गेली. सून मात्र हसतमुख.

"बाई, चौतीस वर्षं बस चालवली, कुठे ओरखडा नाही," तारांवर ओढायचा गज हातात धरून बसचालक कुरकुरायचे. "आणि हे चालवायला घेतलं की दर वळणावर धडकतोय."

"तुम्ही गज ब्रेकसारखा दाबता. दाबू नका, नुसता ओढा. उतारावर गाडी सोडता ना, तसा."

"उतारावर गाडी सोडत नाहीत बाई! नोकरी जाईल!"

असा सगळा प्रकार. पण तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी मी भाजी निवडत होते आणि खिडकीतून चक्क एक गाणं आत आलं. साधंच, लहान मुलांना झोपवताना म्हणावं तसं. नऊ जणांचं मिळून एक. माझा हात थांबला. जाऊन बघते तर नर्सबाई डोळे पुसतायत आणि सून त्यांना म्हणतेय, "रडा, पण हनुवटी हलवू नका."

आता शेवटचा दिवस. कार्यक्रम चार वाजता. सकाळी सून स्वतःचं व्हायोलिन घेऊन सरावाला गेली. नऊ वाद्यं वर्गात बाकांवर उघडी मांडलेली. आणि आमचे हे रिकामे.

ह्यांनी चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं. कुणाकडे गेलो तरी आधी टेबलावर बोट फिरवून बघणार. मेणाची डबी आणि फडकं प्रवासातही बरोबर असतं. वर्गात डोकावले, तर सगळ्या वाद्यांवर पांढरी भुकटी. ह्यांच्या जिवाला ते कुठून सोसणार?

साडेतीनला मंडळी जमली. बसचालकांनी गज उचलला, तारेवर ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. काही नाही.

"माझा कान गेला की काय?"

"नाही हो, माझंही मुकंच आहे," नर्सबाई म्हणाल्या.

सुनेने एक गज नाकाशी नेला. "मेण?"

हे दारातच उभे होते. छाती पुढे काढून म्हणाले, "चकाकतायत की नाही?"

"बाबा... केसांनासुद्धा लावलंत?"

"केसांवरच तर धूळ जास्त होती!"

त्या गजाला घोड्याचे केस असतात. ते मुळात गुळगुळीत. त्यांच्यावर राळ घासली तरच ते तारेला धरतात. ती भुकटी म्हणजे ती राळ. ह्यांनी ती पुसून वर मेण चोळलं होतं. आता नवी राळही बसेना. मुलांचे गज मागावेत तर ते मोठ्यांना फारच आखूड. सुनेचा स्वतःचा तेवढा तिच्याबरोबर सरावाला गेला होता म्हणून वाचला. नऊ तोंडं उतरलेली, ह्यांचं दहावं. मी ह्यांच्याकडे बघितलं तशी नजर खाली. वर्ग गेला, हे सगळ्यांना कळलं होतं.

सून खुर्चीवर बसली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला गज दिला नव्हता, तेव्हा तुम्ही मला किती बोललात! पण आठ दिवस बोटांनी तारा छेडल्यात ना? मग गज ठेवा खाली. तेच गाणं बोटांनी. लांबवायचे सूर माझ्याकडे."

"अन् घाई झाली तर?" बसचालक.

"माझ्या कोपराकडे बघा."

स्टेजवर नऊ जण व्हायोलिन काखेशी धरून बसले. टप, टप, टप. पत्र्यावरून थेंब ओघळावेत तसे सूर. त्यांच्यावर सुनेचा एक लांब सूर, एकसारखा, शेवटपर्यंत. बसचालकांनी मध्येच वेग घेतला, पण तो कोपर बघून लगेच सावरले. लहान मुलं तर उभी राहून बघत होती. टाळ्या थांबेनात, तेव्हा जुळ्या बहिणींनी एकमेकींनाच टाळ्या दिल्या.

प्रमुख धावत आले. घड्याळ बघायचं विसरले होते. "बाई, काय सुंदर कल्पना! गजाशिवाय! वर्ग पक्का!"

झालं की काम! मी मनात म्हटलं, बाई, आता गप्प बस. पण ही कुठली बसते?

"सर, कल्पना नव्हती, अपघात होता. माझ्या सासऱ्यांनी गजांना मेणाचं पॉलिश केलं. ह्यांना गजाने वाजवता येतं की नाही, हे तुम्ही ऐकलेलंच नाही. न ऐकता वर्ग देऊ नका."

प्रमुखांनी नऊ जणांकडे बघितलं. "येतं का?"

"येतं," नर्सबाई पटकन म्हणाल्या आणि त्यांनी बसचालकांकडे बोट केलं. "ह्यांना थोडं कमी येतं."

"मग पुढच्या उन्हाळ्यात ऐकतो," प्रमुख म्हणाले. "तोवर खोली तुमची. आणि त्या पॉलिशवाल्यांना कुलूप लावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी घरी निघायचं होतं. सासरा-सून सकाळपासून ओट्यावर बसली. गजाच्या लाकडाला स्पिरिट लागलं तर पॉलिश उतरतं, हे ह्यांनाच ठाऊक. म्हणून हे केसांखाली पुठ्ठा धरायचे आणि ती टूथब्रशने स्पिरिट लावून मेण काढायची. पाचव्या गजाला हे हळूच म्हणाले, "सूनबाई, पुढच्या वर्षी दहावी जागा असेल का गं?"

"आधी हात धुवा," ती म्हणाली.