पेंटरकाकांची नागमोडी

मी पेंटर. चित्रांचा नव्हे, पाट्यांचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ‘पेंटर’ म्हटलं की लोक आदराने बघतात, आणि ‘येथे गाडी लावू नये’ ही माझी गाजलेली कलाकृती आहे हे कळलं की तो आदर घाईघाईने परत घेतात. एके काळी बाजारातल्या अर्ध्या दुकानांवर माझं अक्षर होतं. मग छापील फलक आले. माझ्या पाट्या उतरवायचं काम निघालं तेव्हा शिडी धरायला मलाच बोलावलं, कारण शिडी माझी होती.

घरी बसून मी स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर सुबक अक्षरात नावं घातली. बायको म्हणाली, “अहो, मीठ कुठलं आणि साखर कुठली ते मला कळतं. तुम्ही बाहेर काहीतरी उद्योग बघा.” तो उद्योगही तिनेच बघितला. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंशी बोलून तिने मला मुलांच्या अक्षरवर्गाचा मास्तर करून टाकलं. वर्ग मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. मला तिथे फारसं परकं वाटलं नाही.

शिकवणं सोपं होतं. दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधायच्या म्हणजे एका फटक्यात दुहेरी रेघ उमटते, आणि मधल्या जागेत पोरं ठिपके, वेली, माशांचे खवले, वाटेल ते भरतात. पण आधी उभा दांडा सरळ हवा आणि शिरोरेघ ताठ हवी, यावर मी अडून बसायचो. एवढी शिस्त मी आयुष्यात आणखी कशातच पाळलेली नाही.

आणि नेमका माझाच उजवा हात थरथरायला लागला. पाटी रंगवताना हाताखाली टेकायला काठी असायची. फळ्यासमोर काठी घेऊन उभं राहिलो तर पोरं पळून जातील. घरी मी कप दोन्ही हातांनी धरू लागलो आणि भर उन्हाळ्यात बायकोला थंडीचं कारण सांगू लागलो. वर्ग हातचा गेला तर पुन्हा डबे, ही भीती होतीच. खरी भीती वेगळी होती. ज्याच्या हातात अक्षर राहिलं नाही त्या पेंटरला काय म्हणतात, ते मला माहीत नव्हतं.

एकदा फळ्यावर दांडा ओढला तो पार लाटा खातच खाली आला. वर्गात एक मुलगी होती, सतत चिवचिवणारी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने विचारलं, “काका, ही रेघ अशी का?”

“नक्षी आहे ती,” मी ठोकून दिलं. “नागमोडी म्हणतात. अवघड असते.”

अवघड म्हटल्यावर पोरं इरेला पेटली. नागमोडीचा सराव सुरू झाला. पुढे तर माझी मजल इथवर गेली की एकाचा दांडा चुकून सरळ आला तेव्हा मी त्याला म्हणालो, “अजून जमत नाहीये तुला, मन लाव.” हे बोलताना मला लाज वाटली नाही, हे विशेष.

वर्षअखेरीला ग्रंथपालबाईंनी पालकांसाठी प्रदर्शन मांडलं. प्रत्येकाने आपापलं नाव रंगवलेलं. बायकोही आली. भिंतभर नावं, आणि प्रत्येक नाव थंडीने कुडकुडत होतं. बायको एकेका कागदापुढे थांबत गेली.

“या पोरांचे हात कापतात की काय?” तिने चिमणीला विचारलं.

“नाही हो काकू, ही पेंटरकाकांची नागमोडी आहे. मला सगळ्यात चांगली येते.”

बायकोने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या खिशात खुपसलेल्या हाताकडे.

“कधीपासून?” तिने हळूच विचारलं.

मी थंडीचं म्हणणार होतो. खोलीत पंखे फिरत होते. “बरेच दिवस झाले,” मी म्हणालो.

तिने मला झापलं नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो. ती चिमणीकडे वळली. “मला एक सरळ दांडा काढून दाखव ना.”

चिमणीने बांधलेल्या पेन्सिली टेकवल्या. रेघ नागमोडी आली. दुसरी काढली, तीही तशीच. “काकू, आता सरळ येतच नाही,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

मी खिशातून हात काढून तिच्यासमोर धरला. तो आपला मनसोक्त थरथरत होता.

“नक्षीबिक्षी काही नाही, चिमणे. माझा हात हलतो. मला सरळ रेघ येत नाही आता.”

ती हाताकडे बघत राहिली. मग भडकलीच. “मग आधी सांगायचं ना, काका! मी घरी रोज सराव केला!”

“चुकलं. आता ऐक. मनगट नाही हलवायचं, अख्खा हात खांद्यापासून खाली आणायचा. श्वास धरून ठेव. पेन्सिलीच्या टोकाकडे बघू नकोस, रेघ जिथे पोचायची आहे तिथे बघ.”

मला करून दाखवता येत नव्हतं, नुसतं सांगता येत होतं. तिने श्वास धरला. पेन्सिली कागदावरून खाली आल्या, आणि मागे दुहेरी दांडा उभा राहिला, ताठ. तसा मला ऐन उमेदीतही क्वचितच आला असेल. आधी मला तिचा हेवा वाटला, चांगला सणसणीत, आणि मग डोळे भरून आले.

“आला, काका!” ती ओरडली.

“आणखी एक काढ,” मी म्हणालो. “मला बघू दे.”