मान डोलवा, हं म्हणू नका

दिवसभर कानाला हेडफोन, संध्याकाळी पुन्हा हेडफोन. बाईचा जन्म कानातच अडकला होता. दिवसा ती तक्रारींच्या फोनवर बसायची. पलीकडचा शिव्यांची लाखोली वाहत असला, तरी "हं… हो ना… कळतंय मला" म्हणत राहायचं, त्याचाच पगार. संध्याकाळी पॉडकास्टचा वर्ग. ज्याचा भाग सरस ठरेल त्याला स्टुडिओत संपादनाची नोकरी, असं सरांनी कबूल केलं होतं. त्या फोनपासून सुटायला तिला तेवढी एकच फट दिसत होती.

प्रत्येकानं घरातल्या कुणाला तरी बोलतं करायचं होतं. सरांनी बजावलं, "समोरचा बोलताना नुसती मान डोलवा. हं म्हणू नका. तुमचं हं त्याच्या शब्दावर सांडलं, की मग काढता येत नाही."

तिनं सासऱ्यांना कपड्यांच्या उघड्या कपाटापाशी बसवलं, आवाज घुमू नये म्हणून. सासरे जन्मभर लिफ्टमन. आता डोळ्यांपुढं नुसतं धुकं.

"माणसं लिफ्टमध्ये बोलायची," ते म्हणाले आणि थांबले.

तिनं मान डोलवली.

"सूनबाई, आहेस ना?"

"आहे मामंजी. बोला."

"नाही, म्हटलं भिंतीशी बोलतोय की काय."

पुन्हा एक वाक्य, पुन्हा गप्प. डोलवून डोलवून तिची मान आखडली. शेवटी सासरे स्वतःशीच पुटपुटले, "झोपली वाटतं. झोपू दे, दमून येते पोर." आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"हं!" तिच्या तोंडून निघालंच.

म्हातारा खाली बसला, आणि मग जी काही गाडी सुटली!

"नवराबायको भांडत आत शिरायची. भांडण ऐन रंगात आलं की मजला यायचा."

"हं."

"दार उघडलं की भांडण बाहेर. पुढं काय झालं, देव जाणे. जन्मभर अर्धंच ऐकलं बघ."

"हं."

वर्गात ती ते हं कापायला बसली. एक काढलं, तर सासऱ्यांच्या पुढच्या शब्दाचं डोकंच उडालं. दुसरं सफाईनं निघालं, पण मग म्हातारा रिकाम्या घरात बडबडत बसल्यासारखा वाटायला लागला. तिनं मुकाट्यानं सगळे हं परत जागेवर ठेवले.

शेजारच्या पोरीनं कान लावला. "ताई, मधे मधे म्हैस रवंथ करतेय का हो?"

"म्हैसच आहे. दोन शिफ्टची."

सरांनी ऐकलं. "गोष्ट फक्कड आहे. पण हे हं काढून, परत रेकॉर्ड करून आणा. मग तुमचाच नंबर."

"नाही जमायचं, सर."

"का?"

"त्यांना माझी मान दिसत नाही."

नोकरी शेजारच्या पोरीला लागली. पोरगी वाईट नव्हती. जाताना हिच्या गळ्यात पडली.

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि सासऱ्यांना त्यांचाच आवाज लावून दिला. म्हातारा आपल्याच गोष्टीला मान डोलवत, "हं, हं" करत शेवटपर्यंत ऐकत बसला.

"झकास झालंय. आणि तुझ्या त्या नोकरीचं गं?"

"मजला आला, मामंजी."



"हं," ते म्हणाले.