फोल्डरवरचं नाव

साहेब बदलले की आमच्या ऑफिसात आधी पाटी बदलायची, कामाला हात नंतर. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. दारावर कोणाचं नाव आहे, याने गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या गावात कोणाचं काही बिघडत नाही. पण एका साहेबांनी हा नावाचा सोस कॉम्प्युटरपर्यंत नेला, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी तिथे ठेक्यावरची ऑपरेटर होते. अख्खा उन्हाळा कूलरशिवाय बसून मी तालुक्यातल्या मासेमारी सोसायट्यांचे सभासद कॉम्प्युटरात भरले होते. मी उघडायची ती फाइल माझ्या मशीनवर होती, पण तिच्यात नुसती बटणं. खरी माहिती साहेबांच्या केबिनमधल्या मशीनवर, आधीच्या साहेबांनी स्वतःच्या नावाने केलेल्या फोल्डरमध्ये होती. दोन मशीनींच्या मधे एक तार.

नवे साहेब येऊन आठवडाही झाला नसेल, तेव्हा एका गावच्या सोसायटीची अध्यक्ष, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची एक बाई, आली. सभासदांची यादी संध्याकाळच्या आत अर्जाला जोडली नाही, तर त्यांचा तलाव लिलावात जाणार होता. तो घ्यायला टपलेला ठेकेदार बाहेर पानठेल्यावर उभाच होता. हाताने लिहिलेली यादी चालणार नाही, असा हुकूम नेमका त्याच वर्षी निघालेला.

मी बटण दाबलं. माहिती सापडत नाही, असा इंग्रजीत निरोप आला. मशीन बंद करून पुन्हा चालू केली. तोच निरोप. उंदरांनी तार कुरतडली असेल म्हणून टेबलाखाली शिरले, तर तार धडधाकट. साहेबांची मशीनही माझ्या स्क्रीनवर दिसत होती. म्हणजे जोडणीही ठीक होती.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. "तुम्ही भरलंच नसेल. ठेक्यावरच्या लोकांचं हे असंच," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मग बाईकडे वळले. "कॉम्प्युटरमध्ये तुमची सोसायटी नाही. पुढच्या आठवड्यात या."

"काऊन नाई, साहेब? मी इथी उभी हावो ना," ती म्हणाली. "पुढच्या हप्त्यात येऊन काय करू? तलाव तर आज जाऊन राह्यला."

"कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे नाही."

मी उन्हाळाभर घाम गाळला तो काय हे ऐकायला? ती बाई मात्र हलली नाही. माझ्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

मग साहेबांची नजर स्क्रीनवर गेली. माहिती कुठे शोधली, तो पत्ता त्या निरोपात छापून आला होता, आणि त्यात जुन्या साहेबांचं नाव होतं. हे भडकले. "हे नाव अजून इथे कसं? मी तर त्या फोल्डरवरूनसुद्धा काढून माझं टाकलं!"

हे ते अभिमानाने म्हणाले. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. फाइल बिचारी जुन्या पत्त्यावर दार ठोठावत होती. आणि ज्यांनी पत्ता बदलला, तेच मला कामचुकार ठरवून मोकळे!

"जुनं नाव परत द्या, सर. लगेच चालू होईल."

"माझ्या मशीनला हात लावायचा नाही. ते नाव परत येणार नाही."

शेवटी माझ्याच मशीनवरून मी फाइलला नवा पत्ता दिला. दात-ओठ खात, माझ्या हाताने, त्यांचं नाव निवडलं. पुढे त्यांची बदली झाली त्याच दिवशी मी त्या फोल्डरला 'मासोळी' असं नाव देऊन टाकलं, आणि फाइललाही तो पत्ता दिला. ते नंतर कोणी बदललं नाही.

तर त्या दिवशी, नवा पत्ता देताच यादी आली. प्रिंटर करकरत चालू झाला. "बघा, माझ्या नावाने कसं चालू झालं," साहेब म्हणाले. मला नाही, त्या बाईला नाही, चुकलं म्हणून एक शब्द नाही.

बाईने चष्मा आणला नव्हता. "वाचून दाखव, बाई," ती मला म्हणाली. मी एकेक नाव वाचलं, ती प्रत्येकाला मान हलवत गेली. वाचून संपल्यावर तिने साहेबांसमोरच विचारलं, "साहेबाचं नाव नाई ना यात?"

"नाई."

"मंग बराबर हाये," ती म्हणाली, आणि सहीसाठी कागद साहेबांपुढे धरला.