केशरबाईनं न खाल्लेली भाकर

आमच्या अकोल्याच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्याची भाकर केशरबाई करते. नावाला भाकर, असते गव्हाचीच. मीठ नाही, तेल नाही, खमीर तर नाहीच नाही. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणते आणि पाठीमागं 'ती'. वऱ्हाडात याला कोणी उर्मटपणा म्हणत नाही.

उभा जन्म तिनं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाही. वसतिगृहातल्या पोरी तिला जेवढ्या भीत, तेवढ्याच सुट्टीत घरी जाताना तिच्या गळ्यात पडून रडत. आता ती घरीच असते. माझ्या भिंतीला तिची भिंत लागून आहे, त्यामुळे तिच्या घरातलं भांडं पडलं तरी मला कळतं.

मेजाच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, भाकरीची कणीक भिजवली की तिचा हात थांबत नाही. मळायची, लाटायची, काट्यानं टोचायची आणि तव्यावर टाकायची. मध्ये दारावर कोणी आलं तर त्यानं उभं राहावं. आमचे पाळक सूर्यभान यांनी एकदा रविवारच्या उपासनेतल्या संदेशात सांगितलं होतं की इस्राएल लोक मिसर देशातून निघाले तेव्हा पीठ फुगायची वाट बघायलाही त्यांना सवड नव्हती. म्हणून यहुदी घरांत वल्हांडण सणाला आजही बेखमीर भाकर खातात. ती दुःखाची भाकर आणि सुटकेची खूणही तीच. येशूनं शेवटच्या जेवणाला हातात घेऊन मोडली ती हीच, आणि म्हणाला की हे माझं शरीर आहे. पाळकांनी आणखी एक सांगितलं. यहुदी बाया भाकरीची बरीच कणीक मळतात तेव्हा तिच्यातला थोडा भाग देवाच्या नावानं काढून विस्तवात टाकतात.

झालं. पुढच्या महिन्यात केशरबाईनं कणकेची चिमूट काढून गॅसवर टाकली आणि तो वास माझ्या घरापर्यंत आला. मी म्हटलं, आपण काही यहुदी नाही. ती म्हणाली, देव तर तोच आहे ना, मग त्याचा वाटा मी का खाऊ?

अशी ही बाई. पण ती भाकर ती स्वतः खात नव्हती.

बायकांच्या बाकावर मी तिच्या शेजारी बसते. तुकड्यांचं ताट ओळीनं फिरत येतं. तिच्यापाशी आलं की ती ते दोन्ही हातांनी धरायची, क्षणभर बघायची आणि माझ्याकडे सरकवायची. आपल्याच हातची भाकर! नवीन माणसाला वाटायचं, हिनं काहीतरी मोठं पाप केलं असणार. पाप नव्हतं, अबोला होता. धाकट्या बहिणीशी, मोर्शीच्या लीलाबाईशी.

त्यांची आई शेवटच्या दिवसांत लीलाबाईकडे होती. घशाचा आजार होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडावाटे काही देऊ नका, श्वासनळीत गेलं तर संपलं. म्हातारी मात्र मेजाची भाकर मागत होती. केशरबाई ती घेऊन अकोल्याहून मोर्शीला गेली. लीलाबाईनं दारातच तिच्या हातातून भाकर घेतली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. देऊ दिली नाही म्हणजे नाहीच. दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली. फळीकडे बघत गेली असं केशरबाई सांगते. तिला तेव्हा शुद्धच नव्हती असं लीलाबाई सांगते. खरं काय ते म्हातारीला ठाऊक. मातीला सगळी मंडळी जमली होती, तेव्हा केशरबाई धाकट्या बहिणीला सगळ्यांदेखत म्हणाली, "तू मायले उपाशी पाठवलं."

त्या दिवसापासून बोलणं बंद, त्याला कित्येक वर्षं झाली. आणि शास्त्र तर सांगतं की वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. केशरबाईनं शास्त्र अर्धंच पाळलं. भाकर सोडली, पण समेटाला गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! मला याचा फार राग यायचा. एकदा मी स्पष्ट विचारलं, की जायचं तुम्हालाच आहे हे तुम्हाला माहीत नाही का? तेव्हा ती म्हणाली, "मालूम हाय. म्हनून तर खात नाई."

यंदा फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी सकाळीच मला कुलदीपचा फोन आला. कुलदीप म्हणजे लीलाबाईचा मुलगा, मोर्शीला संत्र्याचा बगीचा बघतो. त्या घरचा फोन केशरबाई उचलत नाही, म्हणून निरोप माझ्याकडे. त्याच्या आईला लकवा मारला होता. अमरावतीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. पुन्हा झटका आला तर हाती लागणार नाही असं डॉक्टर म्हणत होते. आणि ती एकच मागत होती: बाईच्या हातची मेजाची भाकर. मोठ्या बहिणीला ती लहानपणापासून बाई म्हणते.

मी तशीच शेजारी गेले. केशरबाई कणीक मळत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला. परातीत कणीक तशीच, तिच्यात रुतलेली बोटं तशीच, आणि ती भिंतीकडे बघत बसली. मग तिनं तो सगळा गोळा उचलून बाजूला टाकला, परात धुतली आणि नव्यानं पीठ घेतलं. थांबलेल्या हाताची कणीक मेजावर जाणार नव्हती. मी घाबरले, कारण रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते.

उपासनेत तिनं ताट नेहमीसारखंच माझ्याकडे सरकवलं. उपासना सुटल्यावर मीच पाळकांना गाठलं. त्यांना दुपारी अंजनगाव सुर्जीला लग्न लावायचं होतं, उद्याशिवाय येता येणार नव्हतं. आजाऱ्याकडे मेजाची भाकर मंडळीतल्या जुन्या माणसानं नेण्याची आमच्यात रीत आहे. त्यांनी एक तुकडा पांढऱ्या रुमालात बांधला आणि केशरबाईपुढे धरला.

ती हात पुढे करेना. म्हणाली, जी भाकर मी स्वतः खात नाही ती दुसऱ्याला कशी नेऊ? सूर्यभान पाळक तसे मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांनीही आवाज चढवला. न्यायला सांगितलंय, खायला नाही, निघा आता, असं म्हणून त्यांनी रुमाल तिच्या पिशवीत घातला.

अमरावतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. मूर्तिजापूरला मी चहा आणला, तो तिनं घेतला नाही. मला वाटत होतं, आपण पोचेपर्यंत काही होऊ नये. तिला मात्र वेगळंच काही टोचत होतं. बडनेरा जवळ आल्यावर ती एकदम म्हणाली, "मी तिच्यासारखं करनार नाई, माधवी. मी तिले भाकर देईन."

त्या आवाजात प्रेम होतं की सूड, मला सांगता येणार नाही. दोन्ही होतं असं आज वाटतं. बहिणीला आपल्या हातानं भाकर भरवून तिला दाखवून द्यायचं होतं, की बघ, अशी देतात.

दवाखान्यात वॉर्डच्या दारात कुलदीपची बायको आरती भेटली. ती केशरबाईच्या पाया पडली आणि मग तिनं हळूच सांगितलं. लीलाबाईला गिळता येत नव्हतं. नाकातून नळी घातली होती, खाणं तिच्यातूनच. आदल्या दिवशी आरतीनं चमच्यानं नुसते ओठ ओले केले, तर दोन थेंब आत गेले आणि सासूचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. सिस्टर धावत आल्या म्हणून वाचली. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, तशी पाटीच पलंगाच्या डोक्याशी लावलेली होती.

"फोनवर काहून नाई सांगतलं?" मी आरतीवर डाफरले. ती बिचारी म्हणाली, सांगितलं असतं तर मावशी आल्या असत्या का?

मला त्या क्षणी देवाचाही राग आला. परीक्षा घ्यायची ही काय रीत झाली? पाटी वाचून परत फिरावं तर मागणारी समोर आहे, आणि द्यावं तर तिचा जीव जातो. मी केशरबाईकडे बघितलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. ती सरळ आत गेली.

लीलाबाई उशीवर कलती पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी, पण डोळे जागे. बहिणीला बघून ते डोळे भरले. डावा हात तिनं चादरीवरून उचलला आणि जड जिभेनं म्हणाली, "बाई. भाकर."

इतक्या वर्षांनी पहिला शब्द हा.

केशरबाई पलंगाच्या कडेवर बसली. तिनं रुमाल सोडला. सिस्टर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी सुई लावत होती. केशरबाईनं तुकड्यातून नखाएवढा कण मोडला. लीलाबाईनं तोंड उघडलं. आरतीनं माझा हात घट्ट धरला. ओरडावं की धावावं हे मला सुचेना, आणि खरं सांगते, मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. कण ओठांपर्यंत गेला.

तेवढ्यात लीलाबाईला ठसका लागला. काही न खाताच, नुसत्या लाळेनं. मान ताठ झाली, छातीतून घरघर आली, डोळे वर फिरले. सिस्टर धावत आली, तिला कुशीवर वळवलं, यंत्राची नळी घालून घसा साफ केला. जरा वेळानं श्वास लागला. सिस्टरनं आमच्याकडे आणि त्या रुमालाकडे असं बघितलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. काही देऊ नका, कणही नको, असं बजावून ती गेली.

कण अजून केशरबाईच्या चिमटीत होता. लीलाबाईनं पुन्हा डोळे उघडले आणि पुन्हा तोंड उघडलं.

केशरबाईनं हात मागे घेतला.

"देत नाई?" लीलाबाईनं विचारलं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"नाई."

"काहून?"

"तू मरशीन, लीले."

लीलाबाई तिच्याकडे बघत राहिली. रागावलेली नव्हती. जी गोष्ट सांगायला कोणी कधी वेळच दिला नाही, ती सांगायची असल्यासारखी बघत होती. मग म्हणाली, "मायच्या वेळी... मले बी... हेच भेव होतं."

त्यावर केशरबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता, तिच्या नवऱ्याच्या मातीलाही नाही. ती बहिणीच्या निर्जीव हातावर डोकं टेकून रडली. रडताना एवढंच म्हणत होती, की दारातच तुला समजून घ्यायला पाहिजे होतं, मी मोठी होते, मला समजायला पाहिजे होतं. आरती पाठ फिरवून भिंतीकडे उभी राहिली. मी कुठेच बघू शकले नाही, म्हणून त्या पाटीकडे बघत राहिले.

लीलाबाईनं चांगल्या हातानं तिचं मनगट चाचपडत धरलं, तो कण होता तोच हात. त्या हातात जोर किती असणार? पण केशरबाईनं ओढू दिला. मनगट केशरबाईच्याच तोंडाकडे वळवून लीलाबाई म्हणाली, "तू खाय."

केशरबाईनं मान हलवली. लीलाबाईनं मनगट सोडलं नाही.

मग केशरबाईनं डोळे पुसले आणि बहिणीच्या तोंडाजवळ तोंड नेलं. हे ती मोठ्यानं बोलली, आम्हाला ऐकू यावं म्हणून नव्हे, लीलाबाईला नीट ऐकू जावं म्हणून. "माय उपाशी नाई गेली, लीले. मी खोटं बोलली. तुई चूक नोती."

आणि तिनं तो कण तोंडात टाकला. मग रुमालातला उरलेला तुकडाही. बेखमीर भाकर कोरडी असते, चावायला वेळ लागतो. लीलाबाई तिच्या जबड्याकडे बघत होती, आणि केशरबाईनं घास गिळला तेव्हा लीलाबाईनं डोळे मिटले.