चार तास आत, चार तास बाहेर

"आहेस ना?" न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहून गणेशशास्त्री दर मिनिटाला विचारत होते.

"आहे. इथून जाणार कुठे?" आतून विद्याताईंचं उत्तर.

मी काउन्सेलर. बँकेने मला गंगेकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या या मराठी घरी पाठवलं होतं. नऊ दिवसांपूर्वी गावठी कट्टा घेऊन शिरलेल्या एकाने कॅशियर विद्याताईंना बँकेच्या कॅश केबिनमध्ये चार तास ओलीस धरलं होतं. सोमवारी त्यांचा सत्कार होता. मॅनेजरचा फोन आला, "डॉक्टरसाहब, मंच पर मुस्कुरा तो देंगी न?"

विद्याताईंना झोप येत होती, भूक लागत होती. त्यांना फक्त कामावर जायचं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती ती शास्त्रींच्या. आमच्याकडे याला हायपरव्हिजिलन्स म्हणतात. धोका टळतो, पण ते शरीराला कुणी कळवत नाही. आत बसलेल्या बाईंना एकच कट्टा दिसला होता. बाहेर गल्लीत चार तास उभ्या राहिलेल्या नवऱ्याला शंभर दिसले होते.

शास्त्रींनी शांतीसाठी जप मांडला होता. तो संपेपर्यंत बायकोने उंबरा ओलांडायचा नाही.

"हे कुठल्या ग्रंथात आहे?" मी विचारलं.

शास्त्री प्रामाणिक विद्वान. म्हणाले, "ग्रंथात नाही. माझंच आहे."

"अहो, त्या कट्टेवाल्याने निदान पाणी तरी विचारलं होतं," विद्याताई म्हणाल्या. "तुम्ही खिडकीतही उभं राहू देत नाही."

शास्त्रींवरचा उपचार साधा होता: भीतीचे लहान लहान घास करून भरवायचे. दुसऱ्या दिवशी शास्त्री जपाला बसले आणि माझ्या सांगण्यावरून विद्याताई तांब्या घेऊन एकट्या दुर्गाघाटावर निघाल्या. जप चालू असताना आसन सोडायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम मात्र ग्रंथातला. शास्त्री तो मोडणार नाहीत, याची मला खात्री होती.

वीस मिनिटं झाली. पंचवीस. शास्त्रींची नजर दारावर होती. ओठ हलत होते, पण आसन सुटलं नाही.

चाळिसाव्या मिनिटाला विद्याताई आल्या. तांब्यात गंगाजळ, दुसऱ्या हातात कचोरीचा द्रोण.

"रांग होती," त्या म्हणाल्या.

शास्त्रींनी माळ पुरी केली आणि मग ते रडले. त्या रात्री ते सलग सात तास झोपले.

सोमवारी विद्याताई मंचावर गेल्याच नाहीत, काउंटरवर बसल्या. सत्काराची शाल मॅनेजरने घरी पाठवली. ती शास्त्री पांघरतात. बँकेच्या फॉर्मवर पेशंटच्या नावासाठी एकच ओळ असते. तेव्हापासून मी तिथे दाटीवाटीने दोन नावं लिहितो.